तोळामासा

हवेशी आपले नाते मोठे गमतीचे आहे. आपण हवा खातो, हवा पालटायला जातो, एखाद्याच्या डोक्यात हवा शिरली की ती काढूनही टाकतो. निवडणुकीच्या दिवसांत गावात कुणाची हवा आहे हे चहाच्या टपरीवर बसून छातीठोकपणे सांगणारी माणसे तर आमच्या चारठाण्यात पैशाला पासरी मिळतील. पण ज्या वस्तूचा एवढा वापर आपण करतो ती संपते कोठे, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही. विहिरीला तळ असतो, शेताला बांध असतो, गावाला शीव असते. हवेची शीव कोणती?

पुस्तकांत याचे उत्तर सापडते. जमिनीपासून शंभर किलोमीटरांवर एक रेघ मानलेली आहे; तिच्या खाली वातावरण आणि वर अवकाश. पण ती रेघ म्हणजे तलाठ्याच्या नकाशावरच्या रेघेसारखी. रानातल्या उंदराला ती ठाऊक नसते आणि हवाही ती पाळीत नाही. वर वर जावे तशी हवा विरळ होत जाते, विरळाची अतिविरळ होते, पण बोट ठेवून ‘येथे संपली’ म्हणावे अशी जागा कोठेच सापडत नाही.

किती विरळ, ते जरा आपल्या मापाने सांगतो. एक किलोमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी एक प्रचंड कणगी डोळ्यांपुढे आणा. ही कणगी समुद्रकाठच्या जमिनीवर ठेवली तर तिच्यात हवा मावेल सुमारे बारा लाख टन. हवेला वजन असते हे वर्गात पोरांना पटवून देताना मी दरवर्षी हा आकडा सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकांवरून कुणीतरी हसतेच. आता तीच कणगी उचलून चारशे किलोमीटर उंच नेऊ. तेथल्या हवेने ती काठोकाठ भरली तर आत भरेल फक्त काही ग्रॅम. सूर्य शांत असेल तेव्हा सुमारे मासाभर, आणि सूर्य खवळलेला असेल तेव्हा जवळजवळ तोळाभर.

सराफाच्या दुकानात ग्रॅमचा काटा येऊन किती वर्षे लोटली, तरी आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून तोळे, मासे आणि गुंजा यांतच बोलतात. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. दुखणाईताची प्रकृती आज बरी, उद्या बिघडलेली अशी असली की ‘तोळामासा आहे’ म्हणण्याची आपली रीत आहे. ती म्हण पहिल्यांदा कुणी वापरली कोण जाणे. पण चारशे किलोमीटरांवरच्या हवेच्या प्रकृतीला ती जितकी अक्षरशः लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाही पडत नसेल.

आता कुणी म्हणेल, मासाभर हवेची एवढी काय मातब्बरी? आणि मुळात ती तोलली कुणी? वर तराजू घेऊन गेले होते काय?

तराजू घेऊन कुणी गेले नव्हते. त्या हवेचे वजन प्रथम कळले ते खाली पडणाऱ्या वस्तूंवरून. ही युक्ती जेव्हा मला समजली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते आमचे खळे. माझी आजी तिवईवर उभी राहून ज्वारी उफणीत असे. टोपल्यातून धार सुटे. भरला दाणा सरळ तिच्या पायांशी पडे, पोचट दाणा हातभर पलीकडे आणि भुसकट पार खळ्याच्या काठाला. भुसकट कोठे पडते हे पाहून ती म्हणे, ‘वारं पडलं, थांबा जरा.’ तिच्या गालाला वारा लागत होता की नव्हता ते मी कधी विचारले नाही. पण तिचे डोळे नेहमी भुसकटावर असत. न दिसणाऱ्या वाऱ्याचा हिशेब ती दिसणाऱ्या भुशावरून मांडीत होती. उपग्रहांवरून वरची हवा मोजणारे पंडित याहून वेगळे काही करीत नाहीत. फक्त त्यांचा भुसा सेकंदाला पावणेआठ किलोमीटर धावतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. जगाने त्याची ‘बीप बीप’ ऐकली, कुणी टाळ्या पिटल्या, कुणाच्या पोटात गोळा उठला. तीन महिन्यांनी, ४ जानेवारी १९५८ ला, तो जळून गेला. पण या तीन महिन्यांत काही लोक टाळ्या वाजवायचे सोडून घड्याळ लावून बसले होते. इंग्लंडात फार्नबरो येथे डेस्मंड किंग-हेली नावाचा एक तरुण गणिती होता. तो या कामातला मोठा माणूस. (हाच गृहस्थ पुढे शेलीच्या काव्यावर पुस्तक लिहून बसला. आमच्यासारख्या कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना अशा माणसांविषयी उगाचच आपलेपणा वाटतो.) उपग्रहाची एक फेरी किती वेळात पुरी होते आणि ती वेळ दिवसेंदिवस किती घटते, एवढे दोन आकडे त्याला पुरत होते. त्यांतून निघाले ते असे, की दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांवरची हवा आधीच्या अंदाजाहून कित्येक पटींनी दाट आहे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. आमच्याकडची बैलगाडी चिखलात अडली की उशिरा पोहोचते. उपग्रहाचे उलटे. त्याला हवा अडवते म्हणून तो लवकर येतो! अडथळ्यामुळे तो किंचित खाली सरकतो. खाली सरकला की त्याचा वर्तुळाकार रस्ता आखूड होतो आणि उतारावरून आल्यामुळे वेगही वाढतो. गमावलेल्या उंचीतला अर्धा वाटा हवा घर्षणापोटी घेऊन जाते आणि अर्धा वाटा वेगाच्या रूपाने त्याच्याच पदरात पडतो. म्हणजे जो जितका लुबाडला जातो तो तितका जोरात धावू लागतो. हे वाक्य मी एका कादंबरीत घालायचे योजिले होते. पण ज्या पात्राच्या तोंडी ते शोभले असते ते सावकार निघाले आणि त्याला खगोलाची आवड कोठून असणार!

ही घट दिसायला किती क्षुल्लक असते पाहा. समजा, नव्वद मिनिटांच्या फेरीत दर फेरीगणिक सेकंदाचा फक्त शंभरावा भाग कमी होतो. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे पापणी लवण्याच्या आतला काळ. पण पहिल्या फेरीला एक शतांश, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असे हे वाढत जाते आणि सगळ्याची बेरीज होते. दिवसाला सोळा फेऱ्या, आठवड्याला एकशे बारा. एकपासून एकशे बारापर्यंतच्या संख्यांची बेरीज करा: ६३२८. म्हणजे आठवड्याअखेर उपग्रह त्रेसष्ट सेकंद आधी हजर. त्रेसष्ट सेकंदांत तो जवळजवळ पाचशे किलोमीटर पुढे गेलेला असतो. हे काही उच्च गणित नव्हे. दहावीच्या पुस्तकातली अंकगणिती श्रेढी आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही, त्यामुळे या श्रेढीचे मला विशेष प्रेम आहे. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक रात्री अंगणात साधी दुर्बीण आणि हातातले घड्याळ घेऊन उभे राहात आणि अमुक ताऱ्याशेजारून ठिपका कितव्या सेकंदाला गेला ते टिपून पाठवीत. आपल्याकडे नैनीतालच्या वेधशाळेत याच कामासाठी बेकर-नन जातीचा मोठा कॅमेरा होता. साऱ्या जगात असे बारा ठिकाणी बसवले होते.

पण एवढ्याने हिशेब सुटला असे समजू नका. भुसकट लांब जाऊन पडले, तर वारा जोराचा होता की भुसकटच फार हलके होते? दोन्हींतून दिसणारा परिणाम एकच. उपग्रहाच्या बाबतीत अडचण नेमकी हीच असते. हवेची दाटी आणि वस्तूचा हलकेपणा, म्हणजे वजनाच्या मानाने तिचे तोंड केवढे, या दोहोंचा गुणाकार तेवढा कळतो. एकेकटे कळत नाही. त्यातून तो उपग्रह कोलांट्या खात असेल तर त्याचे तोंड दर घडीला बदलणार. माझ्या आजीला ही अडचण नव्हती, कारण ज्वारी आपल्याच रानातली होती आणि तिचे भुसकट तिला जन्मभर ओळखीचे होते. शास्त्रज्ञांनीही मग ओळखीचे भुसकट वर पाठवले. १६ फेब्रुवारी १९६१ ला अमेरिकेने एक्स्प्लोरर-९ नावाचा एक फुगा सोडला. बारा फूट व्यासाचा गोळा, वजन सात किलोहून कमी. आत सांगण्यासारखे काही नाही. त्याचे काम एकच, हवेने त्याला अडवावे. गोळ्याला तोंड नसते आणि पाठ नसते. तो कसाही फिरला तरी हवेपुढे तेवढाच. तीन वर्षे तो वर राहिला आणि त्याच्या घसरणीतून हवेचा हिशेब निघत राहिला. निव्वळ अडवले जाण्यासाठी जन्माला आलेल्या त्या फुग्याविषयी मला फार माया वाटते.

आता तोळा आणि मासा यांकडे येतो. लुईजी याक्किया नावाचा एक इटालियन पंडित अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वेधशाळेत उपग्रहांचे हे हिशेब मांडीत होता. त्याच्या ध्यानात आले, की घसरणीचा वेग एकसारखा नाही. सुमारे सत्तावीस दिवसांनी तो वाढतो आणि पुन्हा उतरतो. सत्तावीस दिवस हा आकडा ऐकताच ज्याच्या डोक्यात प्रकाश पडावा त्याच्या तो पडला. सूर्य आपल्या अंगाभोवती, पृथ्वीवरून पाहता, साधारण तेवढ्या दिवसांत एक फेरी घेतो. सूर्याची डागाळलेली, खवळलेली बाजू आपल्याकडे वळली की वरची हवा तापते, फुगते आणि उपग्रहांच्या वाटेवर दाटी करते. शिवाय रोज दुपारी, दोन-तीनच्या सुमारास, जिकडे सूर्य नुकताच कललेला असतो तिकडे हवेला फुगवटा येतो. आमच्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी दोन वाजता रानात उभे राहून पाहिले की जमीन फुगून वर येते की काय असे वाटते, तसेच काहीसे वर खरोखर घडते. आणि या साऱ्यांवर अकरा वर्षांचे एक मोठे आवर्तन असते. त्यात चारशे किलोमीटरांवरचा मासा चढत चढत तोळ्याला भिडतो आणि पुन्हा उतरतो.

या आवर्तनाशी माझा जन्मापासूनचा संबंध आहे. स्कायलॅब हे अमेरिकेचे अवकाशातले घर. १९७३ साली ते वर गेले, फेब्रुवारी १९७४ मध्ये शेवटची माणसे त्यातून उतरली आणि ते अजून आठ-नऊ वर्षे तरी वर राहील अशी अटकळ होती. तोवर नवे यान तयार होईल आणि त्याला वर ढकलील असा बेत होता. पण सूर्य अंदाजापेक्षा अधिक तापला, हवा फुगली, आणि सत्तर टनांहून जड असे ते घर ११ जुलै १९७९ ला कोसळले. पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात. पण त्याआधीचे काही दिवस आपल्या देशात जी घबराट झाली तिच्या कथा मराठवाड्यात नि तेलंगणात अजून सांगतात. २०२१ साली तेलुगूत ‘स्कायलॅब’ नावाचा एक चित्रपटही त्यावर निघाला. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. आजीने ग्रहणाचे सगळे नियम स्कायलॅबला लागू केले: गरोदर बाईने अंगणात जायचे नाही, विळी हातात धरायची नाही, आकाशाकडे पाहायचे नाही. आई सांगते, की त्या दिवशी ती घरातल्या घरात बसून राहिली आणि रेडिओवर ‘पडले’ म्हणून सांगितल्यावर आजीने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. पुढे जन्मल्यावर मी फार रडे म्हणून धाकट्या काकांनी काही दिवस मला स्कायलॅब म्हणूनही पाहिले. सुदैवाने ते नाव चिकटले नाही.

आपल्या स्वतःच्या उपग्रहांतही तोळामाशाचा हा खेळ दिसतो. आर्यभट १९ एप्रिल १९७५ ला गेला. वजन ३६० किलो, उंची सुमारे सहाशे किलोमीटर. त्या उंचीवर हवा इतकी विरळ, की तो जवळजवळ सतरा वर्षे घसरत घसरत फेब्रुवारी १९९२ मध्ये संपला. मी शाळेत होतो. दोन रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर त्याचे चित्र असे. तो जळून गेल्यावरही ती नोट आम्ही गोळ्या-बिस्किटांसाठी खुशाल मोडीत होतो. उलट ३१ मे १९८१ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला छोटा रोहिणी उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत पडला. त्याच्या वाटेचे जवळचे टोक दोनशे किलोमीटरांच्याही आत होते. तेथे हवेचा मासा नसतो, पायलीच असते म्हणा. नऊ दिवसांत कारभार आटोपला. सतरा वर्षे आणि नऊ दिवस, यांतला सारा फरक चारशे किलोमीटरांच्या उंचीने केला.

हे सगळे मी हौसेने वाचीत होतो, वर्गात सांगत होतो. तो हौसेचा प्रांत संपला २ एप्रिल २०२२ ला. गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तरेकडच्या आकाशात, लोणारच्या अंगाला, पश्चिमेकडून पूर्वेकडे जळत्या निखाऱ्यांची एक माळ सरकताना दिसली. तारा तुटावा तशी झटकन नव्हे, तर सावकाश, पालखी जावी तशी. गल्लीतली माणसे गच्चीवर आली. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र म्हणाले. त्याच रात्री बातमी आली, की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी एक लोखंडी कडे पडले आहे. दोन-तीन मीटर रुंदीचे, चाळीस किलोंहून जड. आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही. ते चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ या रॉकेटचे तिसरे मजले होते, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेले. लाडबोरी आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर. पण त्या वेगाला हा मिनिटाभराचाही रस्ता नव्हे.

सुटीनंतर शाळा भरली तेव्हा सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, ‘गुरुजी, आमचे बाबा त्या टायमाला रानात पाणी देत होते. रातची लाइट होती. ते कडं आमच्या रानात पडलं असतं तर? कुणाला आधी सांगता आलं नसतं का?’

रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटर लावून उघड्या रानात उभा राहणारा बाप जिच्या घरी आहे तिचा हा प्रश्न. त्याला तारांगणातल्या गमतीजमतींनी उत्तर देता येत नाही. मी खडू घेतला आणि आधी फळ्यावर झोका काढला.

नागपंचमीचा झोका. उंच गेलेला झोका खाली येताना जर दर खेपेला पायाचा अंगठा जमिनीला घासला, तर पुढच्या खेपेला तो थोडा कमी उंच जातो. त्या रॉकेटची वाट अशीच लांबोडकी होती. दूरचे टोक सुरुवातीला पस्तीस हजार किलोमीटरांच्या घरात आणि जवळचे टोक काहीशे किलोमीटरांवर. दर फेरीला जवळच्या टोकाशी हवेला अंगठा घासायचा, आणि दूरचे टोक खाली उतरायचे. असे चौदा महिने चालले. आता त्या रिकाम्या नळकांड्याचे तोंड कुठल्या घडीला कुठे वळले होते कुणाला ठाऊक? भुसकट ओळखीचे नाही. आणि सूर्य त्या दिवसांत शांत नव्हता. त्याच फेब्रुवारीत, ३ तारखेला, अमेरिकेतल्या एका कंपनीने स्टारलिंक नावाचे एकोणपन्नास उपग्रह दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांवर सोडले होते. दुसऱ्या दिवशी चुंबकीय वादळ आले, हवेचा अडथळा नेहमीच्या दीडपटीपर्यंत वाढला आणि एकोणपन्नासांतले अडतीस परत येऊन जळाले. ज्यांनी ते बनवले, ज्यांना त्यांचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता, त्यांनाही हवेने चकवले. मग ह्या बेवारशी नळकांड्याचे काय सांगावे?

म्हणून या धंद्यातले लोक एक ठोकताळा पाळतात: पडायला जेवढा वेळ उरला असे वाटते, त्याच्या पाचव्या भागाइतकी चूक दोन्ही बाजूंना धरून चालायचे. दहा दिवस उरले तर दोन दिवस इकडे-तिकडे. पाच तास उरले तर एक तास; आणि एका तासात ती वस्तू अठ्ठावीस हजार किलोमीटर जाते, म्हणजे पृथ्वीच्या अर्ध्याहून अधिक वेढा. अगदी एक तास उरला असे म्हटले, तरी चूक बारा मिनिटांची. बारा मिनिटांत साडेपाच हजार किलोमीटर. अरबस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंत कोठेही.

‘म्हणजे बाबांना सांगता आलं नसतं,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘मग मोजतात कशाला?’

वर्ग गप्प होता. हा प्रश्न मी पुढे बरेच दिवस बरोबर बाळगला. तेव्हा मी तिला सांगितले ते एवढेच, की एखादे कडे नेमके कोणाच्या रानात पडेल हे सांगण्याएवढी ही विद्या अजून मोठी झालेली नाही. पण वर फिरणाऱ्या हजारो वस्तू एकमेकींवर आपटू नयेत म्हणून कोणाला किती सरकवायचे, एखादा उपग्रह किती वर्षे वर टिकेल, त्याला परत आणायला किती इंधन राखून ठेवावे लागेल, हे तिच्याशिवाय कळत नाही. पुढच्या वर्षी याचा दाखला मिळाला. मेघा-ट्रॉपिक्स हा भारत आणि फ्रान्स यांनी मिळून केलेला हवामानाचा उपग्रह. २०११ साली गेलेला, हजार किलो वजनाचा. त्याचे काम संपल्यावर आपल्या इस्रोने उरलेले इंधन खर्चून त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि ७ मार्च २०२३ ला निर्जन पॅसिफिक महासागरावर नेऊन सोडले. त्याची रचना मुळात अशा परतीसाठी केलेली नव्हती. तरी हे साधले. मी वर्गात हे सांगितले तेव्हा ती मुलगी आठवीत होती. ‘ह्यांनी इंधन ठेवलं होतं,’ ती म्हणाली. तिचे म्हणणे मला सोळा आणे पटले. रिकामे नळकांडे वर सोडून देऊन ‘हवा पाहून घेईल’ म्हणणे, ही आपल्या घरचा उकिरडा शेजाऱ्याच्या भिंतीला लावण्याचीच तऱ्हा आहे, मग ते कोणत्याही देशाचे असो. आणि हवा काय पाहून घेते हे आम्हाला वेगळे सांगायला नको. उत्तरेला लोणार आहे. तेथे आकाशातून आलेल्या पाहुण्यापुढे हवेचे काही चालले नाही. दगडात पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीची परात पडून राहिली.

त्या वर्षापासून आम्ही एक वही ठेवली आहे. आमच्या गावात यादवांच्या काळची म्हणून सांगितली जाणारी देवळे आहेत, बारव आहे, आणि कोरीव कामाचा एक उंच दगडी स्तंभ आहे. बाहेरून आलेले लोक त्याचे फोटो काढतात. आम्ही त्याचा उपयोग दुर्बिणीच्या काट्यासारखा करतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आमच्यावरून जाते त्याच्या वेळा आठ-दहा दिवस आधी उतरवून घ्यायच्या, स्तंभापासून ठरल्या दगडावर उभे राहायचे, आणि तो ठिपका स्तंभाच्या टोकामागे गेला की ‘आता’ म्हणायचे. मोबाइलच्या घड्याळात जो सेकंद असेल तो लिहायचा. आमच्या मोजण्याला शास्त्रज्ञ हसतील. एखाद्या सेकंदाची चूक तर ‘आता’ म्हणण्यातच होते. तरी कागदावरच्या वेळेपेक्षा ते एकदा नऊ सेकंद आधी आले, तेव्हा पोरांनी न सांगता सूर्याची बातमी शोधून काढली. वर चुंबकीय वादळ होऊन गेले होते. स्थानकाला मधून मधून इंजिन लावून वर ढकलतात, नाहीतर ते महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येत राहील. असे ढकलले की आमच्या आधीच्या नोंदी फुकट जातात आणि मुले त्या माणसांवर रागावतात.

या वहीतून न दिसणारी, पण अशाच पण फार मोठ्या वह्यांतून निघालेली आणखी एक गोष्ट आहे. कित्येक वर्षांच्या जुन्या उपग्रहांच्या घसरणी एकापुढे एक मांडून पाहिल्या तेव्हा आढळले, की सूर्याचा चढउतार वजा केला तरी वरची हवा दर दशकाला थोडी थोडी विरळ होत चालली आहे. खाली आपण जो धूर सोडतो त्यातला कार्बन डायॉक्साइड खालची हवा तापवतो. पण तोच वर उष्णता बाहेर टाकून वरची हवा थंड करतो आणि ती आकसते. हवा आकसली की कचरा अधिक काळ वर टिकणार. आजी असती तर म्हणाली असती, ‘वारं पडलं.’ पण ती थांबायला सांगत असे. येथे कोण थांबतो?

ती मुलगी आता जिंतूरला कॉलेजात जाते. सुटीत आली की वही मागून घेते आणि कुणी सेकंद लिहायचा विसरला असेल तर लहान मुलांना बोल लावते. तिचे बाबा अजून रात्रीच्या पाळीला पाणी देतात. त्यांनी मला परवा विचारले, ‘गुरुजी, ते ठेसन आता कधी हाय? मी रानातून बघतो, मला मोकळं दिसतं.’ वहीत पाहून मी सांगितले: शुक्रवारी पहाटे, पाच वाजून अठरा मिनिटांनी, नैर्ऋत्येकडून, काही सेकंद आधीच बघत राहा.